भाऊजींच्या हाताला काम

सांगते, पण आधी तो कप खाली ठेवा. मधेच हसू आलं तर चहा सोफ्याच्या कव्हरवर सांडेल, आणि त्यावरचा मोर सासूबाईंनी स्वतः भरलाय. मोराला डाग लागला तर मला कोराडीत तोंड दाखवायला जागा नाही. तशीही फार उरलेली नाही म्हणा.

मी कमी बोलते हे तुम्ही बघताच. लग्नाच्या मांडवात सासरकडच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "पोरीले बोलता येते ना वं?" आता कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो. बोलत नाही म्हणजे खूप विचार करत असणार, आणि बोलेल तेव्हा मोजकं, नेमकं बोलणार! माझाही माझ्याबद्दल हाच गैरसमज होता.

तर ऐका, मी आयुष्यात एकच वाक्य खूप घासूनपुसून, तयारी करून बोलले. एकच हं! त्या एका वाक्यावर कोराडीच्या वीज केंद्राची अख्खी थर्मल कॉलनी फसली, मामाजी फसले, आणि शहरातल्या एका विद्यापीठाच्या विभागप्रमुख बाई खुर्चीतून पडता पडता वाचल्या.

मला ऑक्युपेशनल थेरपी शिकायची होती. का, ते एका ओळीत सांगते. माझं माहेर नागपूरजवळच्या कुहीचं. माझ्या बाबांना लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, समाधान माना. मग एक तरुण मुलगी आली, आठवड्यातून दोनदा. तिनं बाबांना शर्टाचं बटण लावायला शिकवलं, भात कालवायला शिकवलं. ज्या दिवशी बाबांनी स्वतःच्या हातानं पहिला घास घेतला, त्या दिवशी आमच्या घरात कुणीच नीट जेवलं नाही. सगळे बघतच राहिले. तेव्हाच ठरलं, मला हे करायचं.

मग मधे लग्न ठरलं. बघायला आले तेव्हा मी विचारलं होतं, पुढं शिकू द्याल ना? सगळे एका सुरात म्हणाले, "हाव ना! शिकवू ना! आमची काय हरकत?" हे वाक्य लोक कसं म्हणतात माहितीये ना? रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्याला आपण "या ना कधी जेवायला" म्हणतो, तसं. तो खरंच ताट घेऊन दारात उभा राहिला तर?

मी उभी राहिले. लग्नाच्या हळदीचा रंग पुरता गेला नव्हता, आणि जेवणाच्या वेळी मी जाहीर केलं की प्रवेश परीक्षेत मार्क चांगले पडलेत, आता विद्यापीठात मुलाखत आहे.

मामाजींचा घास हातातच राहिला. मामाजी म्हणजे माझे सासरे. थर्मलच्या ऑफिसात मोठे बाबू. कॉलनीत कोणाच्या बदलीची बातमी त्या माणसाच्या आधी मामाजींना कळते.

"कायची मुलाखत?"

"ऑक्युपेशनल थेरपी."

"हे डॉक्टर असते का नसते?" सासूबाईंनी थेट मुद्द्याला हात घातला.

"असतं... म्हणजे तसं औषधवालं नसतं."

"मालिशवालं आहे का मंग?"

"नाही, ते फिजिओथेरपी. म्हणजे तेही मालिश नाही..."

मी नवऱ्याकडं पाहिलं. सुमीत वरण वाढून घेण्यात गर्क होता. घरात चर्चा सुरू झाली की ह्या माणसाला हमखास वरण लागतं.

"मराठीत सांग न वं," मामाजी म्हणाले. "मराठीत काय म्हणते त्याले?"

"व्यवसायोपचार."

"व्यवसायाचा उपचार?" मामाजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "धंद्याले काय बिमारी होते का?"

आता इथं माझं ते वाक्य आलं बघा. मी मनात म्हटलं, बाई, हीच वेळ. लांबण लावू नकोस. त्यांच्याच बोलीत, शाळेतल्या पोरालाही कळेल असं सांग. कुहीचीच पोर मी, बोली काही परकी नाही. आणि मी म्हणाले,

"मामाजी, सोपं आहे. ज्याच्या हाताले काम नाही, त्याच्या हाताले काम द्याचं."

बोलले आणि स्वतःवरच खूश झाले. काय वाक्य! लहान, गोल, घरंदाज. आत बाबांचा हात होता, तो पहिला घास होता, सगळं होतं. निदान माझ्या डोळ्यांपुढं तरी होतं.

पण स्वयंपाकघरात एकदम शांतता पसरली. सासूबाईंच्या हातातली पोळी तव्यावर टाकायची राहून गेली. मामाजींनी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी मामाजींकडं पाहिलं, आणि मग दोघांनीही हळूच मान वळवून पुढच्या खोलीकडं पाहिलं. तिथं टीव्हीसमोर, दिवाणावर, भाऊजी आडवे होते.

भाऊजींची ओळख करून द्यायची राहिली. माझ्या नणंदेचे, सीमाताईंचे, यजमान. मौद्याचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला आले, ते अजून आलेलेच आहेत. नोकऱ्या केल्यात त्यांनी, नाही असं नाही. मौद्याच्या प्लांटात लावून दिलं होतं, तर तिथं धूळ. गाड्यांच्या शोरूममधे लावलं, तर तिथं उभं राहावं लागतं. एका बँकेत तर फक्त बसायचं होतं, पण म्हणे लोक सारखे समोर येतात! सीमाताई शिकवण्या घेतात, आणि भाऊजी "पाहून राहिलो" असं म्हणतात. काय पाहून राहिले, ते विचारायचं नाही. जावई माणूस.

आता ती शांतता कसली होती, हे तुम्हाला कळलं. मला कळलं का? छे! मला वाटलं, विषयाचं गांभीर्य पोचलं.

"अन् याचा कोर्स असते?" मामाजींनी आवाज खाली आणला.

"हो. साडेचार वर्षांचा."

"सरकारमान्य?"

"हो तर!"

"गॅरंटी काय?"

"गॅरंटी कशी देणार, मामाजी? बरंचसं पेशंटच्या इच्छेवर असतं."

"हे बराबर बोलली पोरगी," सासूबाई एकदम कळवळून म्हणाल्या. "इच्छाच तं नाही वं! आमी कित्येक वर्षांपासून हेच सांगून राहिलो."

मला भरून आलं. मी तिथंच मनात म्हटलं, लोक उगाच सासवांना नावं ठेवतात! इतकी समज कोणाला असते?

दुसऱ्या दिवसापासून माझं राज्य सुरू झालं. मी पोळपाट घेतला की सासूबाई तो काढून घ्यायच्या. "तू पुस्तक वाच, बाप्पा. मी टाकतो पोळ्या." गच्चीवरच्या कपड्यांवर राख बसायच्या आत त्याच कपडे काढून आणायच्या. मामाजींनी माझ्या टेबलाशी नवा दिवा लावून दिला. सीमाताईंनी तर एकदा माझा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीच आता." मी आपली मान डोलावली. मला वाटलं, किती प्रेमळ कुटुंब! शिक्षणाची एवढी कदर!

आणि मग धोटेकाकू आल्या. शेजारच्या ब्लॉकमधल्या. डबाभर सांबारवड्या, कोथिंबीर भरलेल्या, घेऊन. सोबत त्यांचा सुपुत्र, जो इंजिनीअर झाला आहे आणि तेव्हापासून "तयारी करून राहिला" आहे. कशाची, हे धोटेकाकूंनाही नीट माहीत नाही.

"सूनबाई, खाय न वं, गरम आहे," काकू म्हणाल्या. मी खाल्ली. मग त्या जवळ सरकल्या. "मी काय म्हणतो, तुहा कोर्स झाला का आमच्या बंटीचं पयले पाहशील. थर्मलमधेच झालं तं बरं. घरून डबा देता येते."

मी उरलेली वडी खाली ठेवली.

"काय पाहू, काकू?"

"अवं, काम! तुहे सासरेच तं साऱ्या कॉलनीत सांगून राहिले. आमची सूनबाई हाताले काम देण्याचं शिकून राहिली. डॉक्टरसारखंच असते म्हणे, पण नोकरीचं!"

तुम्हीच सांगा, त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? डबा परत करून "काकू, गैरसमज झालाय" म्हणायला हवं होतं. एवढं सोपं! मी काय केलं? मी हसले. घाबरले की मी हसते, लहानपणापासूनची खोड आहे. आणि माझं ते हसू बघून धोटेकाकूंनी बंटीला कोपर मारलं. "पाय पड बे म्याडमच्या!"

बंटी पडला. माझ्यापेक्षा चांगला चार वर्षांनी मोठा असेल.

त्यानंतर रांगच लागली हो. कॉलनीत इतके रिकामे हात आहेत हे मला कोराडीत येईपर्यंत माहीत नव्हतं. कोणाचा पुतण्या, कोणाचा भाचा. एक निवृत्त काका तर स्वतःच आले, घरात बसून जीव जातो म्हणे, काहीतरी बघ. एका बाईंचं शिवणाचं दुकान चालत नव्हतं, त्या म्हणाल्या, "व्यवसायाचाच उपचार आहे ना? मंग!" आणि मी प्रत्येकासमोर हसत होते. मी जितकी कमी बोलेन तितकी माझी फी वाढणार, असा त्यांचा हिशेब होता. "गंभीर आहे पोरगी. उगाच बडबड करत नाही. करूनच दाखवीन."

रात्री सुमीतला सगळं सांगितलं. तो उशीत तोंड खुपसून इतका हसला की मी त्याला चिमटा काढला.

"आता आईंना खरं सांगू का?"

तो हसायचा थांबला. "सांग. मग आई काय म्हणेल ते पण सांगतो. म्हणेल, माय वं, मंग शिकून कोणाचं काय भलं होणार आहे? त्यापेक्षा घरी बस."

"पण तुम्ही लोकांनी लग्नाआधी कबूल केलं होतं!"

"हो ना," सुमीत म्हणाला, आणि पाणी प्यायला उठून गेला. वरण नव्हतं ना तिथं.

मग मी गप्प बसले. आणि खरं सांगते, ते गप्प बसणं मला जड गेलं नाही. एकदा माणसाला आयत्या पोळ्यांची सवय लागली की सत्य वगैरे थोडं थांबू शकतं. मुलाखत होऊ दे, प्रवेश पदरात पडू दे, मग सांगू, असं ठरवलं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी तयार होऊन बाहेर आले, तर मामाजी इस्त्रीचा शर्ट घालून उभे. हे ठीक. पण मागं भाऊजीही! आंघोळ केलेले! कपाळाला सासूबाईंनी कुंकू लावलेलं!

"हे कशाला?" मी विचारलं.

"कशाले म्हणजे? एवढं जाऊनच राहिलो तं दाखवून देऊ न त्याईले. मोठ्या म्याडम असतीन तिथं. तू शिकशील तवा शिकशील, पण पेशंटले कायले साडेचार वर्षं ताटकळत ठेवाचं?"

बसमधे मी खिडकीशी बसले होते. भाऊजी पलीकडं बसून निवांत खर्रा घोटत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर अंगठ्यानं रगडतात, त्याला खर्रा घोटणं म्हणतात. नागपुरात माणूस दुसरं काही करो न करो, हे मनापासून करतो.

मुलाखत घेणाऱ्या विभागप्रमुख बाई पुण्याकडच्या असाव्यात. स्वच्छ, टापटीप मराठी. बाजूला आणखी दोघे प्राध्यापक. मला विचारलं, हाच विषय का? मी बाबांचं सांगितलं. त्या पहिल्या घासाचंही. बाईंनी माझ्या अर्जावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "छान. माझ्याकडून तुमचा प्रवेश नक्की समजा. एकच आहे. नव्यानं लग्न झालेल्या मुली आमच्याकडं येतात आणि पहिल्याच वर्षात सोडून जातात. घरून पाठिंबा नसतो. म्हणून मी घरच्या मोठ्यांशी बोलल्याशिवाय जागा देत नाही. कोणी आलंय?"

नाही म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडेपर्यंत मामाजींनी दारातून डोकं आत घातलेलं होतं.

"या, बसा. सुनेला शिकवायला तुमचा पाठिंबा आहे ना?"

"पाठिंबा?" मामाजी हसले. "म्याडम, आमाले तं गरज आहे. आमच्या घरातच पेशंट आहे!"

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हे तुम्ही बोलला नाहीत!" मी हसले. हो, तेच ते हसू.

"काय त्रास आहे त्यांना?"

"हाताले काम नाही, म्याडम."

"कधीपासून?"

"तसं तं सुरुवातीपासूनच. पण लग्न झाल्यावर जास्त झालं."

"एक हात की दोन्ही?"

मामाजींनी विचार केला. "दोन्ही. एक हात जरी चालवला असता तं आमी कायले बोललो असतो?"

"अचानक बंद झाले का?"

"नाही नाही. पहिले दोन-तीन जागी थोडे थोडे चालले. मंग हळूहळू बंद."

बाई भराभर टिपून घेत होत्या. "स्वतःच्या हातानं जेवतात?"

"त्यात काही तकलीफ नाही!" मामाजी अगदी मोकळेपणानं म्हणाले. "जेवणात एक नंबर."

"वा, हे फार चांगलं लक्षण आहे! जेवण झाल्यावर ताट उचलता येतं?"

"नाही."

"म्हणजे वजन पेलत नाही."

"आता पेलत नाही म्हणा, का उचलत नाही म्हणा."

"अंघोळ, कपडे?"

"कपडे पोरगी काढून देते. टॉवेल बी हातात द्या लागते."

बाईंच्या चेहऱ्यावर इतकी माया दाटून आली की मला जमिनीत जावंसं वाटलं. जमीन फरशीची होती.

"आतापर्यंत काय काय उपचार केलेत?"

"सारं केलं, म्याडम. समजावून सांगतलं. पूजा घातली. माह्या वळखीनं मौद्याच्या प्लांटात चिकटवून पाहिलं, थे बी सुटलं."

बाईंचं पेन थांबलं. "हात चिकटवला?"

"हात नाही जी. अख्खा माणूसच."

आता बाईंनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि अतिशय शांतपणे म्हणाल्या, "पेशंट सोबत आलेत का? बोलवा."

भाऊजी आत आले. खुर्ची दिसताच बसले, कुणी म्हणायच्या आधी. बाईंनी त्यांच्या हातात एक यंत्र दिलं, मूठ किती घट्ट आवळता येते ते मोजायचं. भाऊजींनी आवळलं. काटा सरळ पलीकडच्या टोकाला! बाजूचे प्राध्यापक उठून बघायला आले. मग एक लाकडी पाटी ठेवली, तिच्या बारीक भोकांत चिमटीनं खुंट्या बसवायच्या. बाई घड्याळ लावत होत्या तोवर भाऊजींनी अर्धी पाटी भरली.

"अंगठा तर विलक्षण आहे!" प्राध्यापक म्हणाले. "काय व्यायाम करता?"

"खर्रा घोटतो न, सर," भाऊजी लाजून म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, यांना काहीही झालेलं नाही. इतके सुंदर हात मी वर्षभरात बघितले नाहीत."

"मंग आमी कुठं म्हणतो का हात खराब आहे?" मामाजींचा आवाज चढला. "हात चांगलेच आहे! हाताले काम नाही!"

प्राध्यापकांनी खुंट्यांची पाटी उचलून बाजूला ठेवली. 

बाई सावकाश माझ्याकडं वळल्या. "तुम्ही घरी यांना या विषयाबद्दल नेमकं काय सांगितलंत?"

मी सांगितलं. तेच वाक्य. त्या खोलीत, त्या तिघांसमोर, स्वच्छ उजेडात. आणि म्हणता म्हणता मलाच ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

बाईंनी आधी चष्मा काढला. मग तोंडावर रुमाल धरला. मग खुर्चीचा हात धरला. दोघा प्राध्यापकांनी माना खाली घातल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. भाऊजीही हसले, सगळे हसतायत तर आपण का मागं राहायचं म्हणून.

फक्त मामाजी हसत नव्हते.

"म्हणजे नोकरी नाही लावून देता येत?"

"नाही हो," बाई डोळे पुसत म्हणाल्या. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. लकवा, अपघात, लहान मुलं, म्हातारी माणसं.

मामाजींनी सगळं ऐकलं. मग उठले. "मंग साडेचार वर्षं शिकून आमच्या घरी कोणाले काय फायदा?"

ह्या 'कोणाले'मधे मी मोजलेली नव्हते, बघा. घरात दिवा लागला होता, पोळ्या आयत्या मिळत होत्या, पण सगळं जावयाच्या नावानं!

"चाल वं," मामाजी दाराकडं निघाले.

मी उठले नाही. धाडस म्हणाल तर तसं काही नव्हतं, खुर्ची तेवढी धरून बसले. पण तोंडातून शब्द निघाला. "मामाजी, मले शिकाचं आहे."

"मंग हे पहिले काहून नाही सांगतलं?"

"लग्नाच्या आधीच सांगतलं होतं."

मामाजी दाराशी पोचले होते. दाराच्या कडीवर त्यांचा हात तसाच राहिला. ते आत येतात की बाहेर जातात, ते कळेना. आत आले तर मी विद्यार्थिनी. बाहेर गेले तर कोराडीची पुढची बस.

तेवढ्यात बाईंचा आवाज आला. पण माझ्यासाठी नाही! भाऊजींसाठी!

"तुम्ही न हलता किती वेळ बसू शकता?"

आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींना एखाद्या मुलाखतीत त्यांना येणारा प्रश्न विचारला गेला होता.

"कितीबी," ते म्हणाले.

"म्याडम, त्यात त्याची परीक्षा नका घेऊ," मामाजी दारातून म्हणाले. "तुमी थकसान."

"आमच्या मुलांना हातावर प्लास्टरचे आधार बनवायचा सराव करावा लागतो. त्यासाठी हात लागतात. मुलं एकमेकांच्या हातावर करतात, पण ती सारखी हलतात, हसतात. मी कधीची पगारी माणूस शोधतेय. हात टेबलावर ठेवायचा, ढिला सोडायचा. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही."

"पंखा असते?" भाऊजींनी विचारलं.

"एसी आहे."

"मोबाइल पाहू शकतो?"

"दुसऱ्या हातात धरा."

भाऊजी उठले आणि बाईंच्या पाया पडले. मामाजींनी कडीवरचा हात काढला, परत खुर्चीवर येऊन बसले, घाम पुसला. आणि माझ्याकडं बोट करून बाईंना म्हणाले, "बरं मंग, हिले बी घेऊन घ्या."

आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजी घेतली की भाजीवाल्याला सांगतात ना, वरून थोडा सांबार टाक. तसा माझा प्रवेश झाला.

संध्याकाळी कॉलनीत पेढे वाटले. मामाजी सगळ्यांना एकच सांगत होते, "सूनबाईनं पयल्याच दिवशी जावयाले लावून देलं! अजून तं शिकलीबी नाही!" धोटेकाकूंनी पुन्हा सांबारवड्या आणल्या, या वेळी दोन डबे. मी खरं सांगायचा प्रयत्न केला हो. पण आता माझं कोण ऐकणार? पुरावा रोज सकाळी डबा घेऊन बसनं जात होता.

भाऊजी विभागात फार लोकप्रिय आहेत. गळ्यात ओळखपत्र असतं. पहिल्या वर्षाची मुलं त्यांना सर म्हणतात. सीमाताईंच्या चेहऱ्यावर तेज आलंय. आणि मी? मी त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर.

मागच्या महिन्यात आमची पहिली प्रात्यक्षिक परीक्षा झाली. विषय, रुग्णाला सूचना देणे. नियम एकच, बोलणं थोडक्यात हवं आणि रुग्णाला लगेच कळलं पाहिजे. म्हटलं, हे आपलं मैदान! समोर रुग्ण म्हणून अर्थातच भाऊजी. त्यांना हाताची बोटं आत घ्यायला सांगायची होती, एवढंच. मी आदल्या दिवशी शब्द निवडून ठेवला होता. दुमडा म्हणावं? कपडे वाटतात. वाकवा? तार वाटते. मिटा? डोळे वाटतात. शेवटी सगळ्यात साधा, सोपा, घरचा शब्द घेतला. आणि पूर्ण वर्गासमोर, खणखणीत आवाजात म्हणाले,

"भाऊजी, बोटं मोडा."

भाऊजींनी मोबाइल बाजूला ठेवला. अदबीनं दोन्ही हात वर उचलले आणि विचारलं,

"कोणाच्या नावानं, वहिनी?"

वर्ग हसून हसून कोसळला. मागं उभ्या असलेल्या बाईंनी मार्कांच्या कागदावरून मान वरही उचलली नाही.

"सध्या यांच्याच नावानं मोडा," त्या भाऊजींना म्हणाल्या. "परत परीक्षेला बसणार आहेत त्या."